पालथी फाईल

सतरा दिवसांत चौसष्ट माणसांनी मिळून चार हजार दोनशे नऊ वेळा ‘मंजूर’चं बटण दाबलं होतं. ‘नामंजूर’चं एकदाही नाही.

कालिंदी फडतरेनं तो आकडा तीनदा तपासला. नऊ वर्षं ती हेच काम करत होती. कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं, की मागोमाग कालिंदी यायची आणि माणसांच्या बोटांना त्याची सवय लावून जायची. भीती, कुरकुर, विसरलेले पासवर्ड हे सगळं तिनं पाहिलं होतं. असं शून्य मात्र पाहिलं नव्हतं.

२०४१च्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. कोल्हापूरच्या दक्षिणेला औद्योगिक वसाहतीत धनवडे कास्टिंग्ज नावाची फाउंड्री होती. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं आणि यंत्रांचे सुटे भाग घडवायचे, हा तिथला धंदा. प्रशिक्षणाचा वर्ग कॅन्टीनच्या मागच्या खोलीत भरत असे, त्यामुळे साडेअकरानंतर सगळ्यांचं लक्ष फोडणीच्या वासाकडे जायचं.

“मंजूर करायला सगळ्यांना आलं,” त्या मंगळवारी ती म्हणाली. “आता नामंजूर करून दाखवा. यासीनभाई, तुम्ही या.”

यासीन मुल्लाणी भट्टीचे सुपरवायझर. धिप्पाड माणूस, आणि भुवया वर्षानुवर्षांच्या आचेनं विरळ झालेल्या. पडद्यावर स्टोअरकीपर कोळीचा दोन दिवसांच्या रजेचा सरावापुरता अर्ज होता. यासीनभाईंनी बोट उचललं आणि मागे वळून पाहिलं.

“कारण काय सांगू?”

“काहीही. काम जास्त आहे म्हणा.”

“आन् त्याच्या घरात काय अडचण असली तर?”

“अहो, खोटी रजा आहे ही. सराव चाललाय.”

“खोटी हाय व्हय? मग देऊया की!” असं म्हणून त्यांनी ‘मंजूर’ दाबलं. वर्ग खदखदून हसला. कोळीनं बसल्या जागेवरून हात जोडले.

दुपारी कालिंदीनं युक्ती केली. ज्याला कुणीच हो म्हणणार नाही असं काहीतरी मागायचं तिनं ठरवलं. चौसष्टही जणांच्या पडद्यावर तिची मागणी जाऊन पडली: ‘भट्टीसमोर आइस्क्रीमचा गाडा लावण्यास परवानगी मिळावी.’ मागणी खरी वाटावी म्हणून चौकातल्या बंडू घाटगेच्या गाड्यावर रंगवलेला फोन नंबरही तिनं त्यात टाकला.

पाच वाजता घरी निघताना तिनं पाहिलं. मंजूर शून्य. नामंजूर शून्य. चौसष्ट उत्तरं प्रलंबित. ‘पडदा बघायची सवय अजून लागलेली नाही,’ असं तिनं वहीत टिपलं. ही टिपणी साफ चुकीची होती, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

सॉफ्टवेअरचं नाव ‘सांगड’. खरेदी, रजा, गेटपास, मालाची तपासणी, जिथे जिथे कुणाची परवानगी लागते तिथे ‘सांगड’ ती मागणी नेमक्या माणसापुढे नेऊन ठेवायचं. तो हो म्हणाला की पुढच्याकडे. एवढ्यात नवं काही नव्हतं, असली सॉफ्टवेअरं लोक पंचवीस-तीस वर्षं वापरत होते. नवा होता तो मुखत्यार.

कोर्टकचेरीत आपल्या वतीनं सही करायला माणूस मुखत्यार नेमतो, तसाच हा. फक्त हा हाडामांसाचा नव्हता, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचा स्वतंत्र मिळत असे. त्या माणसानं आजवर हाताळलेल्या सगळ्या फायली मुखत्याराला वाचायला दिल्या जात. हा माणूस कुठल्या आकड्यापाशी थांबतो, कशाकडे दुर्लक्ष करतो, कशावर सही ठोकतो, हे तो त्यातून शिके. नवी मागणी आली की तो एकच प्रश्न सोडवायचा: आपला माणूस यावर काय म्हणाला असता? उत्तराची खात्री अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर असेल तर त्याच्या नावानं निर्णय देऊन मोकळा. कमी असेल, किंवा प्रशिक्षण चालू असेल, तर माणसाला विचारायचा. माणसानं चार तास उत्तर दिलं नाही तर मात्र मुखत्यार आपल्या अंदाजानं निकाल लावी, कारण कारखाना थांबून चालत नाही.

धनवडेंच्या मुखत्यारांची परीक्षा कालिंदीनंच घेतली होती. सगळ्यांना शंभरपैकी शंभर. तिच्या साहेबांनी, पुण्याच्या केळकरांनी, तो निकाल इतर गिऱ्हाइकांना दाखवायला मागून घेतला होता. सोमवारपासून तपासणी आणि गेट हे दोन विभाग खरोखरीचे सुरू झाले होते. एकविसाव्या दिवशी कालिंदीनं ‘प्रशिक्षण पूर्ण’ असा दाखला मंजूर केला, की उरलेला कारखानाही मुखत्यारांच्या हाती जाणार होता. मागच्या वर्षी तिनं शिकवलेला एक कारखाना दोन महिन्यांत पुन्हा कागदावर गेला होता. या वेळी तसं व्हायला नको, असं केळकरांनी दोनदा बजावलं होतं.

बुधवारी सकाळी अकराला गेटवरून फोन आला.

“मॅडम, आइस्क्रीमवाला आलाय. पास बराबर हाय. भट्टीम्होरं कुठं लावू म्हणतोय.”

ती धावत गेली. बंडू घाटगे घंटी वाजवत आत आला होता आणि त्याच्याभोवती पंधरा-वीस कामगार जमले होते.

“आत लई उकडतंय म्हणत्यात,” तो उत्साहानं म्हणाला. “म्हणून दोन पेट्या जादाच आणल्यात, ताई.”

चार तास उलटल्यावर चौसष्टही मुखत्यारांनी गाडा मंजूर केला होता. गेटचा विभाग खराच चालू असल्यामुळे पास आपोआप निघून बंडूच्या फोनवर पोचला होता. कामगार पोट धरून हसत होते. कालिंदीला हसू येईना.

“यासीनभाई, काल तुम्ही कुणीच उत्तर का दिलं नाहीत?”

“दिलं की.” मँगोची कांडी चोखत ते म्हणाले.

“कुठे दिलंत?”

“तसंच ठेवलं न्हवं का? तसंच ठेवलं म्हंजे न्हाई. हितं असंच असतंय, मॅडम. आण्णाला विचारा, ही चाल त्यानंच पाडलीया.”

भूपाल आण्णा मगदूम हे तपासणी विभागाचे प्रमुख. अठ्ठावन्न वर्षांचे, किरकोळ अंगाचे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी वीतभर दांड्याची हातोडी. सगळं पडद्यावर आलं तरी प्रत्येक लॉटची एक छापील फाईल ते टेबलावर मागून घेत. आजही तीन फायली होत्या. दोन उताण्या, एक पालथी, तिच्यावर पितळी वजन.

“बसा,” आण्णा म्हणाले. “आइस्क्रीम खाल्लं का?”

“आण्णा, नाही कसं म्हणता तुम्ही इथे?”

त्यांनी पालथ्या फाईलकडे हनुवटीनं खूण केली.

“थोरले मालक होते तवाची गोष्ट. मी नवा हुतो. एका साचेवाल्याच्या लॉटवर तांबड्या शाईनं ‘नापास’ लिवलं. चार लोकांत झालं ते. दुसऱ्या दिवशी गडी कामावर आला न्हाई, तिसऱ्या दिवशी बी न्हाई. तसला हात परत मिळाला न्हाई बघा आमाला. तवापास्नं तांबडी शाई बंद. माल पटला न्हाई तर मी फाईल पालथी घालतो. ज्याची असंल तो जाता-येता बघतो, गुमान उचलून नेतो, दुरुस्त करून आणतो. बोलायचं काम न्हाई. फाईल पालथी म्हंजे तोंड झाकलं. त्याचं बी आन् माझं बी.”

“आणि ती नोंद?”

“कसली नोंद? त्यानं परत नेली, संपलं. मागनं कोळी रजिस्टरात ‘परत घेतली’ म्हणून लिवायचा.”

“अशा किती झाल्या असतील?”

“मोजल्यात कुणी? सात-आठात एक तरी असंल.”

कालिंदीच्या डोळ्यांपुढे प्रशिक्षणाचा दुसरा दिवस आला. जुन्या नोंदी मुखत्यारांना देण्याआधी साफ करायच्या असतात. आण्णांच्या नावावर एक्केचाळीस हजार मंजुऱ्या होत्या, आणि सहा हजार तीनशे बारा नोंदींपुढे ‘परत घेतली’ असा शेरा होता. ना मंजूर, ना नामंजूर. अर्धवट नोंदींनी मुखत्यार गोंधळतो, म्हणून तिनं त्या एका आज्ञेत बाजूला काढल्या होत्या. त्या खणाला तिनं स्वतःच्या हातानं नाव दिलं होतं: ‘कचरा’.

तिला सगळा हिशेब लख्ख दिसला. एखाद्या मास्तराला फक्त पास झालेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका दाखवून पेपर तपासायला शिकवलं, तर तो काय शिकेल? सगळ्यांना पास करायला. आणि त्या मास्तराची परीक्षाही पास झालेल्यांच्याच उत्तरपत्रिकांवर घेतली, तर त्याला शंभरपैकी शंभर मिळतील. तिनं नेमकं हेच केलं होतं. सहा हजार वेळा या माणसानं नाही म्हटलं होतं, आणि त्याच्या मुखत्याराला ‘नाही’ ही गोष्ट जगात असते हेच ठाऊक नव्हतं.

“आण्णा,” तिनं विचारलं, “ही पालथी फाईल कशाची?”

“पकडीची. लॉट बावीसशे सतरा. यासीननं काल ओतलाय.”

तिनं हातातला टॅब्लेट उघडला. लॉट बावीसशे सतरा. मंजूर. भू. मगदूम. सकाळी नऊ वाजून चार मिनिटं. शेजारी खात्री: शंभर टक्के. दर्जाचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाकडे रवाना. माल ट्रकमध्ये. गेटपास तयार.

“न्हाई वो,” आण्णा शांतपणे म्हणाले. “फाईल पालथी हाय की.”

एकतीस वर्षांत फाईल पालथी असताना एकही नग जागचा हलला नव्हता. सकाळी फोनवर हिरवी खूण आलेली त्यांनी पाहिली होती, पण ती कसलीतरी पोच असेल असं समजून फोन खिशात टाकला होता. मशीन काय म्हणतं याचा आणि फाईलचा संबंध असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. कालिंदीनं त्यांचा दंड धरून त्यांना खिडकीशी नेलं. खाली ट्रकवर ताडपत्री बांधणं चालू होतं.

आण्णांनी हातोडी खिशात चाचपली आणि जिना उतरायला लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस दोन-दोन पायऱ्या उतरू शकतो, हे कालिंदीला त्या दिवशी समजलं.

ही पकड म्हणजे काय, हे सांगायला हवं. वाघजाईच्या डोंगरावर चार गावं आहेत. आजारी माणसाला खाली दवाखान्यात आणायचं तर डोलीत घालून तीन तास. तिथे नवा रज्जुमार्ग झाला होता आणि येत्या रविवारी तो सुरू व्हायचा होता. अठ्ठेचाळीस पाळणे, प्रत्येक पाळण्याला लोखंडी दोराला घट्ट धरणाऱ्या दोन पकडी. एकूण शहाण्णव. पकड तुटली तर खाली चारशे फूट दरी.

असल्या वस्तूचं लोखंड साधं नसतं. साध्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कार्बन पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो, आणि ताण आला की बीड त्या पापुद्र्यांच्या कडेनं तडकतं. म्हणून वितळलेल्या लोखंडात चिमूटभर मॅग्नेशियम घालतात. त्यानं पापुद्र्यांचे गोल मणी होतात आणि लोखंड चिवट होतं. पण मॅग्नेशियम टिकाऊ नाही. तापल्या लोखंडातून ते मिनिटामिनिटाला जळून उडत असतं. रस भरलेली बादली, तिला फाउंड्रीत लॅडल म्हणतात, दहा मिनिटांत रिकामी व्हायला हवी. उशीर झाला की मण्यांचे पुन्हा पापुद्रे. वरून काही दिसत नाही. फक्त आवाज बदलतो.

“निम्मे साचे भरलेले आन् क्रेन अडकली,” चालता चालता आण्णा सांगत होते. “मी लांबनं बघितलं. चाचणीचा तुकडा बादलीच्या सुरवातीच्या रसाचा, म्हणून आकडे झकास आले. सकाळी आल्या आल्या दोन पकडी वाजवल्या. एक टण्ण म्हणाली. दुसरी बद्द.”

“मग यासीनभाईंना तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“पालथी घातली की. जेवायच्या सुट्टीत त्यानं बघितलंच असतं.”

ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. गेटचा दांडा पास वाचून आपोआप वर उचलायला लागला होता. आण्णा ट्रकच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आण्णांनी खिशातली हातोडी काढून बंपरवर ठक्कन एक मारली. हॉर्न थांबला.

गलका ऐकून वैजयंती धनवडे आल्या. थोरल्या मालकांच्या सून, आताच्या मालकीण. सगळा कारखाना त्यांना वहिनीसाहेब म्हणायचा.

“आण्णा, रविवारी उद्घाटन आहे. प्रमाणपत्र तुमच्या नावानं गेलंय.”

“नावानं गेलंय, वहिनीसाहेब. मी न्हाई पाठवलं.”

“ट्रक मी आत्ता थांबवते. पण तिकडे काय सांगू? चाचणीचे आकडे हिरवे, तुमची सही हिरवी. आणि आता तुम्ही म्हणता नको?”

“चूक माझी आहे,” कालिंदी म्हणाली आणि दोन वाक्यांत तिनं कचऱ्याचा खण सांगून टाकला. वहिनीसाहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

“ते नंतर. आत्ता काय करायचं ते बोला.”

“दिलेली मंजुरी फक्त देणाराच मोडू शकतो. आण्णांनी नामंजूर दाबून कारण लिहिलं, की प्रमाणपत्र तिथल्या तिथे रद्द होईल.”

तिनं टॅब्लेट पुढे धरला. आण्णांचं बोट तांबड्या बटणाच्या वर येऊन थांबलं. बटणाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘ही नोंद कायम राहील. प्रत: गिऱ्हाईक, मालक, लॉटचे सुपरवायझर या. मुल्लाणी.’

“यासीनला बोलवा,” ते म्हणाले. “तो परत घेईल.”

“त्यांना आता परत घेता येणार नाही, आण्णा.”

“मग तुमी दाबा. तुमच्या बोटानं.”

“मला तो अधिकार नाही.”

एकतीस वर्षं आण्णा आणि यासीनभाई एका डब्यात जेवत होते. मंगळवारी मगदूमांची भाजी, बुधवारी मुल्लाण्यांची. आण्णांचं बोट हवेत तसंच होतं. मागची माणसं बाजूला झाली. यासीनभाई घाम पुसत पुढे आले. त्यांनी ट्रक पाहिला, पडदा पाहिला, बटणाखालचं स्वतःचं नाव वाचलं.

“बद्द वाजली व्हय?” त्यांनी हळूच विचारलं.

“एक वाजली. बाकीच्या बघितल्या न्हाईत.”

यासीनभाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला.

“दाब.”

“यासीन, कायम ऱ्हातंय म्हणत्यात हे.”

“ऱ्हाऊ दे. एकतीस वर्षं तू माझी फाईल पालथी घातलीस, मी उचलून नेली. माझं काय चुकलं ते तुला ठावं, मला ठावं. तिसऱ्याला कळलं न्हाई, म्हणून ह्या मशीनला बी कळलं न्हाई. वर पाळण्यात बाळंतिणी बसणार हाईत, गड्या. तोंड झाकायचं हे दिस न्हवंत. दाब म्हणतो न्हवं!”

आण्णांनी बटण दाबलं.

कारणाचा चौकोन उघडला. एका बोटानं अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: ‘आवाज बद्द.’ पडद्यानं उत्तर दिलं: ‘कारण किमान वीस अक्षरांचे असावे.’

“ह्याच्या मायला,” आण्णा म्हणाले, आणि एवढ्या ताणातही चार जण हसले.

“आण हिकडं, मी सांगतो ते लिव,” यासीनभाई म्हणाले. कालिंदीनं आण्णांच्या बोटाशेजारी बोट नेऊन एकेक अक्षर दाखवलं, आणि चौकोनात वाक्य उमटलं: ‘ओतताना क्रेन बारा मिनिटं थांबली होती. मी ते नोंदवलं नाही. या. मुल्लाणी.’

गेटचा वर गेलेला दांडा ट्रकच्या नाकासमोर खाली आला. टॅब्लेटवर ओळ झळकली: प्रमाणपत्र रद्द. तांबडी शाई बंद झाल्यापासूनचं धनवडे कास्टिंग्जमधलं हे पहिलं लेखी ‘नाही’. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. बंडू घाटगेला काय झालं ते कळलं नव्हतं, तरी त्यानं घंटी वाजवली.

चार वाजेपर्यंत शहाण्णवच्या शहाण्णव पकडी ध्वनिलहरींनी तपासून झाल्या. एकोणीस बाद. त्यातली एक मधोमध कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा वहिनीसाहेब स्वतः पाहायला आल्या. मणी हवे होते तिथे पापुद्रेच पापुद्रे. त्या बराच वेळ डोळा लावून होत्या. मग उठून त्यांनी यासीनभाईंना विचारलं, “पुन्हा ओतायला किती दिवस?”

“आठ. क्रेन धड चालली तर सात.”

“नऊ घ्या. रज्जुमार्गवाल्यांशी मी बोलते.”

वाक्य पुरं करून त्या गेल्या. नावावरच्या कायमच्या नोंदीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नोटीस-बोर्डावर मात्र ते दहा-बारा शब्दांचं कारण मोठ्या अक्षरात छापून लावलेलं होतं, आणि खाली वहिनीसाहेबांच्या हातचं लिहिलेलं: ‘आपल्याकडे असं लिहिलं जावं.’ यासीनभाई दोन दिवस त्या बोर्डासमोरून जायचं टाळत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा फोटो काढून मुलीला पाठवला.

त्याच बुधवारी पाचला कालिंदी कॅन्टीनमागच्या खोलीत एकटी बसली, तेव्हा तिच्या स्वतःच्या पडद्यावर एक मागणी आली होती. पाठवणार: केळकर. ‘प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला, तीन दिवस आधी.’ खाली तिच्या मुखत्याराची ओळ: ‘अंदाज: मंजूर. खात्री ९९.३ टक्के. प्रशिक्षण चालू असल्यामुळे तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे.’

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांत केळकरांच्या एकाही मागणीला तिनं नाही म्हटलं नव्हतं. पटलं नाही की ती उत्तर लांबवायची, विषय बदलायची, दोन दिवसांनी केळकर स्वतःच ‘राहू दे’ म्हणायचे. आण्णांच्या फायलींना हसायचा तिला काही अधिकार नव्हता. तिच्याही टेबलावर त्या होत्याच, फक्त दिसत नव्हत्या.

तिनं नामंजूर दाबलं. वीस अक्षरांची अडचण आली नाही. तिनं लिहिलं: ‘नकाराच्या ६,३१२ नोंदी मी कचरा समजून काढल्या. मुखत्यार फक्त होकार शिकले आहेत. नव्यानं शिकवल्याशिवाय ते चालू करू नयेत. चूक माझी, दुरुस्तीही मीच करीन.’

दोन मिनिटांत फोन वाजला.

“कालिंदी, हे लेखी कशाला?” केळकर म्हणाले. “नुसतं पडू द्यायचंस. मी समजलो असतो.”

“तुम्ही समजला असता, सर. चार तासांनी माझ्या मुखत्यारानं मंजूर करून टाकलं असतं.”

पलीकडे खुर्ची करकरली.

“इतर गिऱ्हाइकांकडेही अशा... परत घेतलेल्या नोंदी असतील?”

“प्रत्येकाकडे असतील. फायली वेगवेगळ्या तऱ्हेनं पालथ्या घातलेल्या असतील, एवढंच.”

मग कागद सरकल्याचा आवाज. “किती दिवस हवेत?”

“नऊ.”

“बरं. आणि तो निकाल, शंभरपैकी शंभरचा, मी सगळ्यांना दाखवलाय. तो मागे घेतल्याचं पत्र तूच लिही. तुला आता सवय झालीय.”

ते नऊ दिवस कालिंदी आयुष्यभर विसरली नाही. कचऱ्याचा खण उघडून तिनं एकेक नोंद पडद्यावर आणली, आणि ज्यांनी त्या फायली पालथ्या घातल्या आणि ज्यांनी परत नेल्या त्या दोघांना शेजारी बसवलं. वीस वर्षांपूर्वीची फाईल, पण आण्णा नाव वाचून सांगायचे, “ह्याच्यात वाळू ओली हुती.” समोरचा कानाची पाळी धरायचा. “व्हय वो आण्णा, पावणे आलते घरी, गडबड केली.” जी गोष्ट माणसांनी एकमेकांपासून झाकून ठेवली होती, ती हसत-खिदळत उघडी झाली. सहा हजार तीनशे बारापैकी पाच हजारांहून जास्त नोंदींना कारण मिळालं. मुखत्यारांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

वहिनीसाहेबांनी सॉफ्टवेअरमध्ये एक तिसरं बटण मागून घेतलं. ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांच्या मधे ‘पालथं’. ते दाबलं की घड्याळ थांबतं, मुखत्याराचे हात बांधले जातात, आणि निरोप फक्त माल करणाऱ्याला जातो. त्याला एक दिवस मिळतो. दुरुस्त करून आणलं तर ठीक, नाहीतर लेखी नाही. नोंद मात्र दोन्हींची राहते.

नवव्या दिवशी कालिंदीनं लॉट बावीसशे सतराचेच आकडे आण्णांच्या मुखत्यारापुढे पुन्हा ठेवले. चाचणीचे आकडे तेच, क्रेनच्या यंत्रानं आपोआप ठेवलेली नोंदही तीच. या वेळी तो लगेच मोकळा झाला नाही. त्यानं लिहिलं: ‘खात्री ६१ टक्के. क्रेन थांबली होती. आण्णा, तुम्हीच वाजवून बघा.’

आण्णांनी ती ओळ दोनदा वाचली. “आत्ता कुठं माझा वाटतोय,” ते म्हणाले.

मग शेवटची परीक्षा. चौसष्ट पडद्यांवर तीच मागणी गेली. भट्टीसमोर आइस्क्रीमचा गाडा. पंधरा मिनिटांत चौसष्ट उत्तरं आली, चौसष्टही नामंजूर, सगळी वीस अक्षरांच्या वर. ‘वितळेल व भट्टीत थेंब उडून स्फोट होईल.’ ‘मागच्या वेळी उधारी राहिली.’ ‘मॅडमनी आमची परीक्षा घेणे थांबवावे ही विनंती.’ कोळीनं लिहिलं होतं: ‘मला आधी दोन दिवस रजा द्या, मग विचार करतो.’ कालिंदीनं ‘प्रशिक्षण पूर्ण’ मंजूर केलं. तिच्या मुखत्याराला या वेळी तिचा अंदाज येत नव्हता. त्याची खात्री चोपन्न टक्के होती.

रज्जुमार्ग नऊ दिवस उशिरा सुरू झाला. पहिल्या पाळण्यात फाउंड्रीच्या माणसांनी बसावं, असा वहिनीसाहेबांचा हट्ट. खालच्या स्थानकावर दोर गुणगुणत फिरत होता, डोंगरावरच्या गावांतली माणसं नातवंडांना कडेवर घेऊन रांगेत उभी होती. पाळणा समोर येऊन थांबला. यासीनभाई आत जाऊन बसले, कालिंदी त्यांच्या शेजारी. आण्णा दारातच उभे राहिले. त्यांनी खिशातून हातोडी काढली आणि चवड्यांवर उंच होऊन वरच्या पकडीवर टिचकी मारावी तशी एक मारली.

टण्ण.

आवाज दोरावरून लांबवर गेला. आण्णा डोळे मिटून तो विरेपर्यंत ऐकत राहिले. मग दुसरी पकड.

“ओ आजोबा!” स्थानकावरचा माणूस ओरडला. “काय चाललंय काय? लोक खोळंबलेत!”

“थांब की जरा,” आतून यासीनभाई म्हणाले. “तो मंजूर करतोय.”